तीन मीटरवर इंजिन बंद पडलं तर: फवारणीच्या विमानातली आग आणि वैमानिकाची सुटका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बारामतीला सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालं, सध्या ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये एका फवारणी कंपनीत लोडर (विमानात औषध-खत भरणारा) म्हणून काम करताय आणि पुढच्या हंगामात एअर ट्रॅक्टर ५०२ या फवारणीच्या विमानावर बसायची संधी आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर वळून धावपट्टीवर परत यावं का, आणि कॉकपिटमध्ये कोणतं अग्निशामक ठेवावं.

पहिल्याचं उत्तर, वळू नका. दुसऱ्याचं, हॅलॉन (मागे पूड न ठेवता आग विझवणारा वायू) किंवा त्याच्या जागी आलेला तसाच स्वच्छ वायू असलेलं छोटं नळकांडं ठेवा. पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं नको. पण या दोन प्रश्नांना तुम्ही वेगवेगळं धरलंय, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. आपल्या कामात हवेत पेटलेलं विमान तसं क्वचितच दिसतं. माणसं दगावतात ती बहुतेक आदळल्यामुळे किंवा आदळल्यानंतरच्या आगीत. इंजिन गेल्यापासून चाकं जमिनीला लागेपर्यंत तुमच्या हातात दहा-बारा सेकंद असतात. तेवढ्यात वेग किती उतरला, इंधन कुठे अडवलं आणि दार उघडण्याइतकं भान शिल्लक राहिलं की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून मी दोन्हीबद्दल एकत्रच लिहितो.

आधी आकडे पाहू, म्हणजे "वळू नका" का म्हणतो ते कळेल. एअर ट्रॅक्टर ५०२बीच्या इंजिनाची, पीटी६ए-३४एजीची, ताकद ७५० अश्वशक्ती आहे आणि हॉपर, म्हणजे औषध-खताची टाकी, ५०० अमेरिकन गॅलनचा, म्हणजे जवळजवळ १९०० लिटरचा. ८००० पौंड, म्हणजे साधारण ३६३० किलो वजनाला फ्लॅप (उतरताना खाली करायचे पंखांच्या मागच्या कडेचे भाग) वर असताना हे विमान ताशी ८३ मैलांना, म्हणजे १३४ किमीला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटते. आता समजा तुम्ही भरलेलं विमान घेऊन ६० मीटरवर आहात, वेग ताशी १६० किमी आहे आणि इंजिन गेलं. ४५ अंश झुकवून वळलात तर स्टॉलचा वेग १.१९ पट होतो, म्हणजे १५९ किमी. वळायला सुरुवात करताच तुम्ही स्टॉलच्या काठावर आहात. समजा तरीही विमान तग धरून राहिलं, तर वळणाची त्रिज्या २०० मीटर येते, अर्ध्या वर्तुळाला १४ सेकंद लागतात, आणि सेकंदाला ७ मीटर खाली येण्याचा दर धरला तरी १०० मीटर उंची लागते. ती तुमच्याकडे नाही. शिवाय वळून झाल्यावर तुम्ही पट्टीच्या रेषेपासून ४०० मीटर बाजूला असता. तेव्हा समोर, फार तर दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांच्या पंख्यात जे मिळेल ते घ्यायचं. टेकऑफच्या आधी, पट्टीच्या टोकाला उभे असतानाच तो पंखा नजरेने पाहून ठेवायचा: कुठलं शेत, कुठला बांध, तारा कुठून कुठे गेल्यात.

आता या विमानातल्या सर्वात महत्त्वाच्या सुरक्षा-यंत्राकडे येऊ, ते म्हणजे डंप, हॉपरमधला सगळा भार एका झटक्यात खाली सोडायची सोय. नव्या माणसांना ते नुसतं पाणी टाकायचं दार वाटतं. ८००० पौंडांना फ्लॅप खाली असताना स्टॉल ६८ मैलांना, म्हणजे १०९ किमीला होतो. हॉपर रिकामा करून नेहमीसारखं उतरताना तो ५३ मैलांवर, म्हणजे ८५ किमीवर येतो. फरक फक्त चोवीस किलोमीटरचा दिसतो, पण वेगाचा वर्ग आणि वजन दोन्ही धरलं तर जमिनीला नेऊन जिरवायची ऊर्जा अडीच पटीहून जास्त फरकाने कमी होते. दुसऱ्या बाजूने पाहा: ८५ किमीवरून एकसारख्या ९ जी मंदनाने थांबायला सुमारे ३ मीटर लागतात, १०९ वरून ५ मीटरहून थोडे जास्त. पट्टे घट्ट असतील तर ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट जोर, माणूस सहन करतो. या दोन मीटरांत पाय, डोकं आणि दाराची चौकट यांचा निकाल लागतो.

डंपबद्दल कायदेही बरंच सांगतात. अमेरिकेत दाट वस्तीवर काम करणाऱ्या विमानात परवानगीच्या कमाल भाराचा निम्मा भाग ४५ सेकंदांत टाकता आला पाहिजे असा नियम आहे. डोंगरउतारावर खत टाकणाऱ्या न्यूझीलंडमध्ये अपेक्षा कितीतरी कडक आहे: हॉपरच्या कमाल भाराचा ८० टक्के भाग पाच सेकंदांत बाहेर गेला पाहिजे. माझ्या दृष्टीने दुसराच आकडा खरा उपयोगाचा, कारण तीन मीटरवरून ४५ सेकंद कुणालाच मिळत नाहीत. तुमच्या विमानाचा हॉपर पूर्ण भरलेला असताना किती सेकंदांत रिकामा होतो, हे हंगामाच्या सुरुवातीला साधं पाणी भरून, उंचीवर जाऊन, घड्याळ लावून पाहा. द्रवाला अडचण कमी येते. दमट चुना किंवा सुपरफॉस्फेट हॉपरमध्ये कमान धरून अडकून बसतं आणि दार उघडं असूनही खाली येत नाही. घन खताचं काम करणार असाल तर ओलसर माल भरायचाच नाही, आणि हे लोडरनेच ठामपणे सांगायचं असतं. म्हणजे आज ते तुमच्याच हातात आहे.

डंप केल्यावर विमानाचं नाक वर उसळतं. हे आधी अनुभवलं नसेल तर घाबरलेला माणूस नाक वर जाताना पाहत राहतो आणि वेग हातातून जातो. म्हणून डाव्या हाताने डंप आणि उजव्या हाताने काठी (विमानाची कंट्रोल स्टिक) पुढे, या दोन्ही हालचाली हाताला एकत्रच माहीत असल्या पाहिजेत. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बसल्या जागी डोळे मिटून ही जोडी चार-पाच वेळा करा. मालाच्या किमतीचा विचार त्या क्षणी मनात येता कामा नये. कामावर रुजू होण्याआधी मालकाशी स्पष्ट बोलून घ्या की शंका आली तरी मी भार टाकीन आणि त्याबद्दल जाब विचारला जाणार नाही. जो मालक हे मान्य करत नाही, त्याच्याकडे उडू नका. मी हे अगदी गांभीर्याने सांगतोय.

इंजिन कुठल्या क्षणी गेलं यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, त्यामुळे एकच एक कृती सांगता येत नाही. तरी दोन जागा नीट समजून घ्या.

पहिली, शेतात फवारणीच्या सरळ रेषेवर. उंची तीन मीटर, वेग ताशी २२५ किमीच्या आसपास. इथे तुमच्याकडे उंची नाही पण वेग आहे. कागदावर २२५ वरून १६० वर येताना ९८ मीटर उंची मिळते. बूम (फवारणीच्या नळ्यांचा दांडा), पंप आणि फिरत राहिलेला प्रॉप (प्रोपेलर) यांचा अडथळा धरता निम्मीच धरा. म्हणजे ४०-५० मीटर. तेवढ्यात शेताच्या टोकाच्या तारा ओलांडता येतात आणि पलीकडचं शेत निवडता येतं. क्रम असा: काठी हळूच मागे, त्याच क्षणी डंप, वेग १६० कडे उतरू लागला की लगेच काठी पुढे. हॉपर रिकामा झाला की १३५ किमीचा वेगही पुरतो. हातात वेळ उरला तर प्रॉपची दांडी मागे ओढून फेदर करा, म्हणजे त्याची पाती कडेने वाऱ्यात धरा. पीटी६चा प्रॉप तेलाचा दाब गेला की स्प्रिंग आणि वजनांमुळे स्वतःहून फेदरकडे जातो, पण त्याला वेळ लागतो; दांडी ओढली की लवकर जातो आणि विमान एकदम मोकळं सुटल्यासारखं पुढे सरकतं. गॅरेटचं टीपीई३३१ इंजिन असलेलं विमान असेल तर फेदर तुम्हालाच करावं लागतं, तिथे या पायरीला जास्त मान द्या.

दुसरी जागा म्हणजे शेताच्या टोकाला रेषा संपवून वर उचलून घेतलेलं वळण. इथेच सगळ्यात जास्त घात होतो. नाक वर, वेग उतरत चाललेला, पंख ५०-६० अंश झुकलेले, आणि दिवसातली पहिली रेषा असेल तर हॉपर जवळजवळ भरलेला. ६० अंशांवर उंची राखून वळलात तर स्टॉल १.४१ पट, म्हणजे ताशी १८८ किमीवर येतो. इथे इंजिन गेलं तर सर्वांत आधी काठी पुढे करून पंखांवरचा भार उतरवा, मग पंख सपाट करा, आणि हे करतानाच डंप. शेताकडे परत वळायचा मोह जबर असतो, कारण ते शेत तुम्हाला माहीत असतं. तो मोह टाळता यावा म्हणून वळणं कुठल्या बाजूला घ्यायची हे आधीच ठरवा: जिथे खाली मोकळी जमीन आहे त्या बाजूला, मग रेषांमधलं अंतर थोडं वाढलं आणि दहा लिटर इंधन जास्त गेलं तरी चालेल. भरलेल्या हॉपरची पहिली तीन-चार वळणं मुद्दाम रुंद घ्या.

इंजिन नेहमी धाडकन जात नाही. पीटी६मध्ये एक वेगळा प्रकार आहे, तो शिकून ठेवा: इंजिन चालू आहे, आवाज आहे, पण आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीवर, येऊन बसलंय आणि पॉवर लिव्हर पुढे नेली तरी काही होत नाही. इंधन नियंत्रकाकडे जाणाऱ्या हवेच्या बारीक नळीला गळती लागली किंवा तिचा जोड सैल झाला की नियंत्रकाला वाटतं हवाच नाही, आणि तो इंधन किमान करतो. नव्या माणसाचे सेकंद इथे जातात, कारण तो लिव्हर पुढे-मागे करत बसतो. प्रतिसाद मिळाला नाही की ते इंजिन गेलेलं समजा. काही विमानांत इंधन हाताने देण्याची वेगळी दांडी असते. ती पुरेशा उंचीवरच आणि अगदी हळू वापरायची, नाहीतर तापमान सुटून टर्बाइनची पाती जातात. आपल्या उंचीवर तिचा भरवसा धरू नका.

उतरायला जमीन कशी निवडायची, हे ठिकाणावर आणि महिन्यावर आहे. उभं, उंच पीक वरून मऊ गादीसारखं दिसतं, पण चाकं त्यात अडकून विमान पालथं होतं. पाणी भरलेल्या भातखाचरातही तेच. नांगरलेल्या रानात सरींच्या दिशेने उतरा, आडवे कधी नको. कपाशीच्या भागात पाटाचे मातीचे बांध सगळ्यात वाईट. जाड बांधाला धडकण्यापेक्षा त्याच्या अलीकडे कमी लांबीच्या जागेत मुद्दाम लवकर चाकं टेकवलेली बरी. ऑस्ट्रेलियात एकाच तारेच्या वीजवाहिन्या असतात, जमिनीतून परत येणाऱ्या. एका खांबापासून दुसरा खूप लांब आणि तार एकटी, त्यामुळे ती दिसतच नाही. खांब शोधा, तार शोधू नका. आणि वाळलेल्या गव्हाच्या धसकटात उतरलात तर विमान पेटलं नाही तरी तापलेल्या एग्झॉस्टने शेत पेटतं. बाहेर पडून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे वारा चेहऱ्यावर घेत लांब जायचं.

टेकायच्या आधीची तयारी हाच आगीविरुद्धचा तुमचा खरा बंदोबस्त आहे. फ्लॅप खाली घ्या, ते विजेवर चालतात म्हणून मास्टर स्विच अजून चालूच ठेवा. मग कंडिशन लिव्हर (इंजिनाचं इंधन तोडायची दांडी) कटऑफला, इंधनाचा फायरवॉलजवळचा (इंजिन आणि कॉकपिट यांच्यातल्या आगरोधक भिंतीजवळचा) व्हॉल्व्ह बंद, सर्वांत शेवटी मास्टर बंद. दाराची खिट्टी उघडी, पट्टे ओढून घट्ट आणि पट्ट्यांचं रीळ लॉक. पिस्टन इंजिन असेल तर मिक्स्चर (इंधनाच्या मिश्रणाची दांडी) पूर्ण मागे आणि मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) बंद. एवढं सगळं दहा सेकंदांत कदाचित होणार नाही. मग डंप आणि विमानाचा ताबा पहिले, इंधन दुसरं, बाकीचं जमेल तसं. पंख खांबाला लागून टाकी फाटली तर व्हॉल्व्ह बंद केल्याने ती गळती थांबत नाही, हे खरं आहे; पण इंजिनाच्या बाजूला, जिथे सर्वांत जास्त उष्णता आहे, तिथे इंधन पोचत नाही आणि तुम्हाला पट्टे सोडायला अर्धा मिनिट मिळतो. तोच हवा आहे.

ही विमानं मुळातच आदळल्यावर माणूस वाचावा म्हणून घडवली आहेत. १९५० मध्ये टेक्सास ए अँड एममध्ये फ्रेड वाइक यांनी एजी-१ हे विमान बनवलं, त्यात हॉपर पुढे आणि वैमानिक त्याच्या मागे उंचावर बसवला, आणि आसन व पट्टे ४० जी धरून आखले. पुढे त्यांनीच पायपर कंपनीसाठी पॉनी हे फवारणीचं विमान केलं. सुरुवातीच्या पॉनीत इंधनाची टाकी इंजिनाच्या मागे, धडातच होती. आदळल्यावर ती फुटणं फार महागात पडत होतं, म्हणून नंतरच्या मॉडेलांत टाक्या पंखांत गेल्या. प्रशिक्षणासाठी जुनं पॉनी मिळालं तर टाकी कुठे आहे हे आधी पाहा आणि त्याप्रमाणे सावध राहा. आपल्याकडच्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) बसंत या फवारणीच्या विमानातही वैमानिक असाच हॉपरच्या मागे उंच बसत असे.

इंधनाचा प्रकार बदलला की आगीचा स्वभाव बदलतो. एव्हीगॅसचा (पिस्टन विमानांच्या पेट्रोलचा) फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटण्याचं किमान तापमान, शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे कुठल्याही हवामानात सांडलं की वाफ तयार. जेट ए-१ला (टर्बाइन इंजिनांच्या केरोसीनसारख्या इंधनाला) किमान ३८ अंश लागतात. उन्हाळ्यात काँक्रीटवर तेही सहज मिळतात. मात्र तापलेल्या पत्र्यावर ठिणगीशिवाय पेटण्यात जेट इंधन एव्हीगॅसहून कमी तापमानाला तयार होतं, त्यामुळे टर्बाइनच्या एग्झॉस्टवर गळणारी नळी जास्त धोक्याची. ब्राझीलच्या इपानेमा विमानाला २००४ मध्ये इथेनॉलवर चालायचं प्रमाणपत्र मिळालं. इथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, तिथे काम करायचं ठरलं तर हे विसरू नका. आणि हॉपरमधल्या मालाचंही बघा. पाण्यात मिसळलेलं औषध पेटत नाही, पण ईसी प्रकारच्या (पाण्यात मिसळायच्या तेलकट) मूळ द्रावणात झायलीनसारखे द्रावक असतात आणि काही पंचवीस-तीस अंशांनाच वाफ सोडतात. गंधकाची भुकटी तर उडवतानाच स्थिर विजेच्या ठिणगीने पेट घेऊ शकते आणि तिचा धूर डोळे मिटायला लावतो. ते काम करणाऱ्या विमानाचं बॉन्डिंग (स्थिर वीज साठू न देणारी तारेची जोडणी) आणि डंप, दोन्ही निर्दोष असलं पाहिजे.

आता जमिनीवर, कारण तुम्ही सध्या तिथेच आहात आणि हवेतल्या आगीची बीजं इथेच पडतात.

इंजिनाच्या पुढच्या झाकणाखाली रोज टॉर्च घेऊन पाहा. फायर-स्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) चढवलेल्या नळ्या तेलाने भिजलेल्या दिसल्या तर त्या बदला. तेल प्यायलेली स्लीव्ह म्हणजे दिव्याची वात. क्लॅम्पखाली नळी घासलेली आहे का, एग्झॉस्टच्या सांध्यातून काजळी येतेय का, फायरवॉलमधली वायर जाण्याची भोकं सील आहेत का, हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. पक्षी दोन दिवसांत घरटं घालतात, ती काड्यांची गंजीच असते. खताची धूळ आणि औषध रोज धुवा, पोटाखालचे पत्रे काढून. इंजिनाचं टॉर्क (प्रॉप फिरवणारा जोर) तेच असताना तापमान आणि इंधनाचा प्रवाह किती, हे रोज एका वहीत लिहा. त्याच टॉर्कला तापमान दहा-पंधरा अंशांनी चढलं तर कंप्रेसर मळलाय, इंधनाची नोझल नीट फवारत नाहीये किंवा कुठेतरी हवा गळतेय. नोझलमधून इंधन धारेने पडलं की टर्बाइनच्या एकाच जागेवर आच बसते आणि पाती थकतात. ती हवेत तुटली की आपण वर बोललो तो प्रसंग. एजी मालिकेच्या इंजिनांना डिझेल चालतं म्हणून काही जण डिझेल वापरतात. मग गरम भागाची तपासणी आणि नोझलची सफाई लवकर करायची हे त्या निर्णयातच धरा.

पीटी६ सुरू करताना बॅटरी अशक्त असेल तर आतलं चक्र हळू फिरतं. १२ टक्के वेग यायच्या आत इंधन सोडायचं नाही. सुरुवातीची तापमान-मर्यादा १०९० अंश, तीही दोन सेकंदांपुरती. काटा तिकडे धावतोय असं दिसताच लिव्हर कटऑफला, इग्निशन बंद, आणि स्टार्टर तसाच फिरवत ठेवून आतलं इंधन आणि ज्वाळा बाहेर फुंकून द्या. एग्झॉस्टमधून ज्वाळा दिसली तर लोडरने धावत जाऊन पावडर मारायची नाही. पहिला उपाय मोटरिंग, म्हणजे इंधन तोडून स्टार्टरने इंजिन फिरवत ठेवणं, पावडर शेवटचा, कारण ती आत गेली की इंजिन उघडावंच लागतं. विमान वाऱ्याकडे तोंड करून सुरू करा, मागून वारा आला की तापमान चढतं. पिस्टन इंजिनात जास्त प्राइमिंगमुळे (सुरू करण्याआधी इंधन टोचल्यामुळे) कार्ब्युरेटरला आग लागली तर स्टार्टर चालू ठेवून ज्वाळा आत ओढून घ्या, मिक्स्चर बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं.

इंधन भरताना आधी बॉन्डिंगची तार, मग नोझल, काढताना उलट. प्लास्टिकचे डबे आणि प्लास्टिकच्या चाळण्या पट्टीवर ठेवूच नका. ड्रममधून भरत असाल तर ड्रम रात्रभर तिरका ठेवा, पंपाची नळी तळापासून पाच सेंटिमीटर वर राहू द्या आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. सकाळी प्रत्येक ड्रेनमधून (तळाच्या तोटीतून) थोडं इंधन काचेच्या भांड्यात काढून पाहा. इंजिन चालू ठेवून औषध भरणं आपल्याकडे रोजचं आहे, पण इंजिन चालू असताना पंखावरचं झाकण उघडून इंधन भरणं मात्र नको. एव्हीगॅसच्या बाबतीत तर कधीच नाही. बंद जोडणीची सोय असेल, जेट इंधन असेल आणि वैमानिक आत बसलेला असेल तरच त्याचा विचार करावा. टाकीत इंधन अगदी कमी ठेवून शेवटची फेरी मारायची सवय लावून घेऊ नका. हे इंजिन ताशी दोनशे लिटरच्या आसपास पितं, आणि घसरत्या वळणात इंधन एका बाजूला गेलं की नळीत हवा शिरते. कितीतरी "इंजिन बंद पडण्याच्या" घटनांमागे इतकंच कारण असतं.

अग्निशामकाबद्दल: भराव्याच्या जागी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पंखाच्या टोकापासून धावत पोचता येईल अशा अंतरावर ९ किलोचं पावडरचं एक आणि फोमचं एक. कॉकपिटमधलं छोटं नळकांडं उंचीवर पॅनेलमागून आलेल्या धुरासाठी आहे; पावडर मारली तर बंद कॉकपिटमध्ये दिसणंच बंद होतं, आणि कार्बन डायऑक्साइडने श्वास जातो. धूर आला तर मास्टर बंद, हवेचे झरोके बंद, मग नळकांडं, आणि उतरायचं. उडालेला सर्किट ब्रेकर पुन्हा दाबायचा नाही. इंजिनाच्या भागातून आग आली तर इंधन तोडा, फेदर करा आणि ज्वाळा ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध दिशेला विमान घसरवत उतरा, म्हणजे वारा ज्वाळेला कॉकपिटपासून दूर ढकलतो. उतरल्यावर नळकांडं हातात घेऊन विमान वाचवायला थांबू नका.

कपड्यांबद्दल मला फार आग्रहाने सांगायचंय, कारण उन्हाळ्यात सगळे टी-शर्टवर उडतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या आसपास वितळून कातडीला चिकटतात. आत सुती, वर नोमेक्सचा (आग न धरणाऱ्या कापडाचा) पूर्ण बाह्यांचा सूट, चामड्याचे किंवा नोमेक्सचे हातमोजे, घोट्यावर जाणारे चामड्याचे बूट, हेल्मेटची काच खाली. हातमोजे यात सगळ्यात महत्त्वाचे: भाजलेल्या बोटांनी पट्ट्याचं बक्कल सुटत नाही. उष्णतेचा त्रास होतो, मान्य आहे. पाणी जास्त प्या, एअर कंडिशनर दुरुस्त ठेवा, सकाळी लवकर काम संपवा, पण हातमोजे काढू नका.

शेवटी लोडर म्हणून तुमचं काम. दर भराव्याला आज हॉपरमध्ये काय आहे ते जाड अक्षरात एका कार्डावर लिहून गाडीच्या काचेला लावा. अपघातात हॉपर फुटला तर वैमानिक औषधाने भिजतो. ऑर्गेनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक विषारी गट) कातडीतून जातं, आणि त्याचा धूर वाचवायला आलेल्यांनाही घातक असतो. आग लागलेली नसेल तर त्याला बाहेर काढताच कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवा, डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा, आणि अग्निशमन दलाला ते पाणी ओढ्यात जाणार नाही याची काळजी घ्यायला सांगा. विमानाचा बॅटरी वेगळी करायचा स्विच आणि दार बाहेरून उघडायची खिट्टी कुठे आहे, हे अंधारात हात घालून सापडलं पाहिजे. विमान ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं पलीकडे परतलं नाही तर वाट पाहत बसू नका. रेडिओवर दोनदा हाक मारा, ट्रॅकरवरची शेवटची जागा पाहा आणि पाण्याची टाकी असलेली गाडी घेऊन निघा.